बुटकोबाची जीप

मित्रांनो, दुसरं महायुद्ध आमच्या घराण्यानं जिंकलं.

मी त्या वेळी जन्मले नव्हते, एवढीच किरकोळ अडचण आहे. मी एक जुनी जीप. युद्ध संपून तीसेक वर्षं झाल्यावर मी जन्मले आणि लष्करातली माझी सगळी कारकीर्द देवळाली कॅम्पात मेसचं दूध वाहण्यात गेली. तिथे तोफांचा सराव चालायचा. तोफ गरजली की मी दचकायचे, कॅन हिंदकळायचे आणि दूध माझ्या तळाशी सांडायचं. शत्रूची एक गोळी मला कधी लागली नाही. दुधानं मात्र माझा पत्रा दोन ठिकाणी खाल्ला. तेव्हापासून दूध पाहिलं की माझ्या अंगावर काटा येतो.

पण घराणं ते घराणंच. वाळवंटात, बर्फात, चिखलात, जिथे रस्ता नावाची वस्तूच नव्हती तिथे आमची माणसं गेली. माणसं म्हणजे जीपा. युद्ध संपल्यावर आम्ही शेतात गेलो, जंगलात गेलो. भारतातही आलो आणि मुंबईत आमची जुळणी होऊ लागली. ‘जीप’ हे नाव कशावरून पडलं, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. ते त्यांचं काम. आमचं काम चढ चढण्याचं. तोंडावळा साधा: दोन गोल डोळे आणि मधे सात उभ्या फटी. दारं नाहीत, म्हणून दार बिघडत नाही. वारा हवासा वाटला तर समोरची काच बॉनेटवर निजवायची. आणि खरी गंमत म्हणजे आमची चारही चाकं ओढतात. साध्या गाडीत दोन चाकं राबतात आणि दोन नुसती सोबतीला जातात. आमच्याकडे तसले लाड नाहीत. गिअरच्या मोठ्या दांडीशेजारी एक बुटकी दांडी असते. ती मागे ओढली की पुढची चाकंही कामाला लागतात. आमच्या कुळाचा सगळा पराक्रम त्या वीतभर दांडीत आहे.

आणि तिच्याच पायी पुढचं रामायण घडलं.

१९९७ साली लष्करानं मला लिलावात काढलं आणि बुधानं मला घेतलं. बुधा पेठकडच्या डोंगरातल्या टेंभूरपाड्याचा. द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरीकडे जाता जाता तो तिथल्या मालकाचा ट्रॅक्टर चालवायला शिकला होता. ताबा देताना एका हवालदारानं त्याला ब्रेकपासून हॉर्नपर्यंत सगळं समजावलं. शेवटी बुटक्या दांडीच्या लाल गोळ्याकडे बोट करून तो म्हणाला, “और इसको ऐसे ही हाथ नहीं लगाना. कब लगाना है, वो आके बताता हूँ.”

तेवढ्यात शिट्टी झाली आणि हवालदार परेडला पळाला. बुधानं थोडी वाट पाहिली. मग अंधाराच्या आत घाट चढायचा म्हणून तो मला घेऊन निघाला. हवालदाराचं उरलेलं वाक्य देवळाली कॅम्पातच राहिलं.

पाड्यावर पहिली पुढे आली ती बुधाची सासू, कुसाबाई. बुधाची बायको भागीबाई ही तिची एकुलती एक लेक, म्हणून म्हातारी लेकीकडेच राहायची. तिनं वाकून माझ्या पोटात पाहिलं.

“जावाई, ह्ये तांबडं काय हाय?”

“त्याला हात लावायचा नाय, आत्या.”

“का बरं?”

“मिलिटरीनं सांगितलंय.”

रंग लाल, आणि हात लावायचा नाही. असल्या वस्तूला काय म्हणतात, हे कुसाबाईला कोणी सांगावं लागलं नाही. ती घरात जाऊन हळदकुंकू घेऊन आली. दिवेलागणीपर्यंत दांडीला झेंडूची माळ चढली होती आणि नावही पडलं होतं: बुटकोबा. शिवायचं ते फक्त पुजाऱ्यानं, असा नियम ठरला. पुजारी कोण, हेही तिनंच ठरवलं. दर शनिवारी ती खुरासणीच्या तेलाची वाटी घेऊन यायची आणि बुटकोबाला डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घालायची.

माझी कमाईची वर्षं सुरू झाली. सोमवारी त्र्यंबकेश्वरचे भाविक, एरवी हरसूलचा बाजार. नागलीची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या, नवरानवरी, सरपंच, सगळे एकाच भावात. माझ्या पोटात किती माणसं मावतात हे कंपनीला ठाऊक नव्हतं, बुधाला होतं. फक्त पुढच्या बाकावर बुटकोबासमोर कोणी पाय पसरायचे नाहीत. तिथला प्रवासी मांडी घालून, हात जोडून बसायचा. लोक म्हणत, बुधाच्या गाडीत बसलं की तिकिटात दर्शन.

भागीबाईला हे पटत नव्हतं. “अवं, तेवढ्या जागेत एक माणूस बसलं असतं,” ती म्हणायची. “तुमचा देव रोज फुकट बसतोय.”

“तुझ्या आईला सांग,” बुधा म्हणायचा. आणि दोघंही आपापल्या कामाला लागायची.

पावसाळ्यात घाटात चिखल झाला की माझी मागची चाकं जागच्या जागी फिरायची. मग सगळे प्रवासी उतरायचे, धोतरं-लुगडी खोचायचे आणि “बुटकोबाच्या नावानं!” म्हणत मला ढकलायचे. ज्यानं मला चढवायचं तो आत माळ घालून बसलेला, आणि त्याच्या नावानं बाहेर बारा माणसं घामाघूम. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. हॉर्न होता, पण तो बुधाच्या हातात.

पुढे नवीन गाड्या आल्या. त्यांना दारं होती, गाणी होती, गुडघ्यांना जागा होती. माझे प्रवासी एकेक करून तिकडे गेले. माझ्या टायरांचे दात झिजून ते म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखे गुळगुळीत झाले, आणि असल्या टायरांवर घाटात बसायला आता पाहुणेही तयार होईनात. २००६च्या पावसाळ्यात नाशिकहून एक भंगारवाला आला. त्यानं मला टिचक्या मारून पाहिलं, जसं कोणी कलिंगड पाहतं, आणि म्हणाला, “सोमवारी उचलतो.”

त्या रात्री भागीबाईनं निकाल सांगितला. “रविवारपातूर चार टायर आणा. तर गाडी ऱ्हाईल. नाय तर सोमवारी तो नेईल, आनि मी रडनार नाय.”

हे शेवटचं ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

आता पाहा योगायोग. त्याच रविवारी नाशिकच्या काही हौशी लोकांनी आमच्या पाड्याखालच्या ओढ्यात डोंगरी गाड्यांची शर्यत ठेवली होती. मंडळाचं नाव ‘धडक चिखल मंडळ’. पैसे खर्चून चिखलात रुतायला माणसं नाशिकहून येतात, ही बातमी पाड्यावर कोणाला खरी वाटेना. ओढा ओलांडायचा, लाल मातीचा चढ चढायचा आणि टोकावरच्या कळकाच्या काठीवर लावलेलं निशाण गाठायचं. बाहेरून कोणी ढकलायचं नाही. आणि बक्षीस काय, तर चार कोरे टायर! ते हार घालून टेबलावर मांडले होते. ते पाहिले आणि माझं इंजिन बंद असूनही थरथरलं.

पहाटे भागीबाई भाताच्या पेंढ्याचे दोर वळत बसली होती. आमच्याकडे चिखलात टायरांना दोर गुंडाळतात, तेवढीच पकड येते. तिनं माझ्या चारही पायांना दोर आवळून बांधले आणि बुधाला म्हणाली, “मी काय गाडीसाठी करीत नाय. तुमचं हसं व्हाया नको.”

मैदानावर चकचकीत गाड्या उभ्या होत्या. कपाळावर दिव्यांच्या ओळी, पोटावर वाघांची चित्रं. त्यांच्यात मी, पायांना पेंढा बांधलेली. मंडळाचा प्रमुख राकेश हातात कर्णा घेऊन आला. भला मुलगा, चिखल पाहून लहान पोरासारखा खुललेला.

“काका, आत फक्त चालक आणि सहचालक. आजींना खाली उतरवा.”

पुढच्या बाकावरची कुसाबाई हलली नाही. “मंग दोघंच हाये की. देवालाबी मोजतोस व्हय?”

“देव?” राकेशनं आत डोकं घातलं. माळ, कुंकू, तेलानं चमकणारी दांडी. त्याचे डोळे मोठे झाले. “आजी, हे तर...”

“आधी पाया पड, मंग इचार.”

राकेशनं बूट काढले, पाया पडला आणि काय विचारायचं होतं ते विसरला. उठून त्यानं म्हातारीच्या पदरावरून एक हेल्मेट चढवलं आणि शिट्टी फुंकली.

आणि सुरू झालं! पहिली गाडी ओढ्यात अशी बसली की तिच्यातून मासे पाहता यावेत. दुसरी चढाच्या पायथ्याशी गोल गोल फिरून जिथून आली तिकडेच निघाली. तिसरी अर्ध्यावर पोचली आणि सन्मानानं आडवी झाली. पाडा टाळ्या पिटत होता, राकेश कर्ण्यातून किंचाळत होता. “पुढची गाडी, टेंभूरपाडा!”

ओढा मी एका दमात पार केला. दुधापुढे पाण्याची काय बिशाद! चढाला लागले. पेंढा पकडत होता, इंजिन घुमत होतं, बुधाचे ओठ आवळलेले. पाव चढ झाला, अर्धा झाला, आडवी गाडी मागे पडली. “चल बाय, चल!” बुधा मला म्हणत होता. त्यानं मला कधी बाय म्हटलं नव्हतं. आणि तिथे मागचे दोर तुटले. चाकं फिरू लागली, चिखल उडू लागला, निशाण जिथल्या तिथे. मग ते दूर जाऊ लागलं. मित्रांनो, मी मागे घसरत होते. खाली ओढा आणि त्याच्याही खाली सोमवार.

पाड्याची पोरंबाळं सवयीनं ढकलायला धावली. “थांबा! ढकलायचं नाही! बाद होईल!” राकेश ओरडला.

“खालचा गिअर घ्या!” ही किंकाळी कोणाची? भागीबाईची! मी रडणार नाही म्हणणारी बाई चिखलात गुडघाभर उभी होती.

बुधानं क्लच दाबला. त्याच क्षणी मला हिसका बसला. कुसाबाईचं हेल्मेट डोळ्यांवर आलं आणि अंधारात माणूस जे धरतं ते तिनं दोन्ही हातांनी धरलं.

“बुटकोबा, पाव रं!” म्हणत म्हातारी मागे कलंडली. देवासकट.

कडाक!

नऊ पावसाळ्यांनंतर माझे पुढचे पाय जागे झाले. दांडी गंजून धरलेली असती तर हलली नसती, पण शनिवारच्या तेलानं ती लोण्यासारखी सरकली. क्लच सुटला. पुढच्या चाकांवरचे भागीबाईनं वळलेले दोर शाबूत होते. त्यांनी माती अशी धरली, अशी धरली, की सगळं महायुद्ध माझ्या अंगात आलं! वाळवंट, बर्फ, घराणं, सात फटी, सगळं. मी तो चढ चढले नाही, खाल्ला. निशाण आलं, निशाण गेलं, बुधाला ब्रेकची आठवण झाली ती काठी माझ्या बंपरवर आडवी झाल्यावर.

पाडा नुसता उसळला होता. “बुटकोबा पावला! बुटकोबा पावला!” मला कोणी काही म्हणालं नाही. भागीबाई धापा टाकत वर आली, आईकडे गेली नाही, नवऱ्याकडे गेली नाही. माझ्या बॉनेटवर दोन्ही हात पसरून उभी राहिली. “तापलीय किती,” एवढंच म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

राकेशनं आत पाहिलं. दांडी मागे आलेली. त्याला सगळं उमगलं. “आजी, अहो हा देव नाही, ही तर पुढच्या...”

कुसाबाईनं त्याच्या तोंडात खोबऱ्याचा मोठा तुकडा कोंबला. तो चावेपर्यंत दर्शनाची रांग ओढ्यापर्यंत गेली होती. राकेशनं रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घास गिळला. मग हळूच म्हणाला, “आजी, जमलं तर माझ्या गाडीवरूनही एकदा हात फिरवा.”

सोमवारी भंगारवाला आला. प्रसाद घेऊन आणि जुने टायर उचलून गेला.

आता माझं बरं चाललंय. खोल पाड्यांवर, जिथे नव्या गाड्या घाबरतात, तिथे मलाच बोलावतात. बुटकोबा कधी पावतो, हे कुसाबाई जाणते: दोन हातांनी धरून कळवळून मागे ओढलं की. त्यामुळे ती कायम पुढच्या बाकावर असते, आणि भागीबाई म्हणते, “आता दोघं फुकट बसतात.” पण म्हणताना हसते.

मित्रांनो, जुन्या गाड्यांना जपा, त्यांची शक्ती ओळखा, असं काहीतरी मोठं सांगून मी निरोप घेणार होते. दुसऱ्या महायुद्धाचाही पुन्हा एकदा उल्लेख करणार होते. पण तातडीचं काम निघालंय. देव पावल्यापासून पाड्यानं त्याचा मान वाढवलाय. शनिवारचं तेल बंद झालं आहे, आता रोज दुधाचा अभिषेक असतो. दांडी आताशा कुरकुरायला लागली आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी पेठकडे येणार असेल, तर देवाला शोभेल अशा शब्दांत कुसाबाईला एवढंच सांगा: दूध नको म्हणावं. खुरासणीचं तेलच घाल. वाटीभर पुरे.