गरम लीद

लुआंग्वाच्या जंगलात पाहुण्यांना पायी हिंडवायचं तर परवाना लागतो, आणि त्यासाठी आधी एक अख्खी सकाळ परीक्षकाला हिंडवून दाखवावं लागतं. एस्नार्ट जेरे गेल्या वर्षी त्यात नापास झाली होती. या खेपेला चुकली, तर पाहुणे उतरतात त्या मुक्कामाच्या स्वयंपाकघरात कायमचे बटाटे सोलायचे होते. तसं तिला स्पष्टच सांगितलं होतं.

रांगेत सगळ्यांच्या पुढे बंदूक घेतलेला म्हातारा वनरक्षक कबासो, त्याच्यामागे एस्नार्ट, मग परीक्षक सिकाझ्वे साहेब आणि शेवटी चहाची टोपली घेतलेला माणूस. कबासो बेंबा, एस्नार्ट न्गोनी. या दोन जमातींत थट्टेची जुनी सोयरीक आहे. एकमेकांना ‘म्बुया’ म्हणायचं, हवी ती खोडी काढायची. रागवायचं नाही, आणि तिसऱ्याकडे चुगली तर मुळीच करायची नाही. कबासोने वर्षभर तिला माग काढायला शिकवलं होतं आणि वर्षभर पिडलंही होतं. न्गोनी उंदीर खातात नि बेंबा माकडं, हा दोन्हीकडचा ठरलेला टोमणा. निघतानाच कबासोने विचारलं होतं, की परीक्षेत भूक लागते, खिशात भाजलेला उंदीर घेतलास ना. तुझं माकड शिजू दे, मग मिळूनच खाऊ, असं तिने सुनावलं होतं.

निम्म्या वाटेवर चिंचेखाली चहा झाला. कबासो आपला भरलेला मग घेऊन पुढचं वळण बघून आला आणि वाट मोकळी असल्याची खूण केली. वळणापलीकडे वाटेतच हत्तीची लीद पडली होती. एस्नार्ट गुडघे टेकते न टेकते तोच सिकाझ्वे साहेबांनी स्वतःच गोळ्यात हात घातला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

“गरम आहे,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “पाच मिनिटांपूर्वीची. हत्ती इथेच कुठेतरी असणार, आणि तू मला सरळ त्याच्या पुढ्यात आणलंस.” त्यांनी वही उघडली.

 तरी एस्नार्टने नीट बघितलं. हात खोटं बोलत नाही, पण तो एकटा साक्षीदार नव्हे, हे कबासोनेच शिकवलेलं. गोळ्याच्या कडा सुकून तडकल्या होत्या. बुडाशी वाळवीने माती चढवली होती. शेजारच्या पावलाच्या ठशावरून रात्रीच्या किड्याची बारीक रेघ गेली होती. वर मात्र लगबगीने मुंग्या जमत होत्या, आणि एक मधमाशीही. शेणावर मधमाशी कशाला येईल?

तिने मान वर केली. कबासोच्या कमरेला रिकामा मग उलटा लटकत होता आणि तो स्वतः मोठ्या भक्तिभावाने आभाळ न्याहाळत होता.

नाव घेतलं तर चुगली, गप्प बसलं तर बटाटे.

“साहेब,” ती म्हणाली, “हत्ती कालच गेलाय. जरा हाताचा वास घेऊन बघा.”

परीक्षकाला असं कुणी सांगत नसतं. साहेबांनी तिच्याकडे रोखून बघितलं, मग वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

“चहा?”

“तीन चमचे साखरेचा. हत्तीनंतर इथून एक म्हातारं माकड गेलंय, साहेब. दहा मिनिटं झाली असतील. डाव्या पायाने लंगडतं, आणि बूट घालतं.” तिने धुळीतले ठसे दाखवले.

साहेब ठशांमागून चालत चालत कबासोच्या डाव्या बुटापाशी येऊन थांबले.

“धोकादायक असतं का हे माकड?”

“सुगरणीसारखं शिकवतं, साहेब. फक्त वाढताना त्यात खडे घालतं.”

चहावाल्याने टोपली खाली ठेवली आणि तो झाडाआड जाऊन हसला. साहेबांनी हात धुतला, वहीत लिहिलेली एक ओळ खोडली आणि परवान्याच्या कागदावर तिथेच सही केली.

परतल्यावर एस्नार्टने कबासोला गाठलं. त्याचं म्हणणं, खोडी तिच्यासाठी होती. साहेबांचा हात इतका उतावळा असेल हे त्याला काय ठाऊक? मग त्याने मोठ्या प्रेमाने तिच्यापुढे चहाचा मग धरला.

“घे, म्बुया. आजचा मान तुझा.”

तिने मगात डोकावून बघितलं, वास घेतला आणि तो परत त्याच्या हातात दिला.

“आधी तू पी, म्बुया.”

कबासोने तो मग हळूच खाली ठेवला.