वादळात बघितलेले दहा भाग

टॅमझिनने दहाच्या दहा भाग एका वादळात बघून टाकले, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

‘लास्ट राफ्ट’ तर तुम्हाला माहीतच आहे. चौदा माणसं बेटावर सोडायची, उपाशी ठेवायची, एकमेकांत भांडायला लावायची आणि दर रविवारी मतं घेऊन एकाला तराफ्यावर बसवून घरी पाठवायचं. बाविसावं वर्ष चाललंय त्याचं. पहिल्या वर्षी टॅमझिन चार वर्षांची होती. टास्मानियात, बर्नी गावातल्या घरात, डॅडच्या पोटाला टेकून ती सोफ्यावर बसायची आणि कोण कोणाला दगा देतंय हे काही कळत नसलं तरी डॅड ओरडला की ओरडायची. डॅड म्हणजे नेव्हिल, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस. पण राफ्ट लागलं की काय सुटायचा! “अरे गाढवा, त्याच्यावर विश्वास नको ठेवूस! टॅम्स, बघितलंस? डोळे बघ त्याचे!”

आणि खरी गंमत काय होती माहितीये? डॅड स्वतःबद्दल जे काही बोलायचा ना, ते सगळं राफ्टच्या आडून. टॅमझिन चौदा वर्षांची असताना तिची आई क्वीन्सलंडला निघून गेली, एका टाइल्सवाल्याबरोबर. डॅड त्यावर एक अक्षर बोलला नाही. तीन आठवड्यांनी बेटावरच्या एका बिचाऱ्या न्हाव्याला त्याच्याच दोस्ताने तराफ्यावर बसवलं, तेव्हा डॅड टीव्हीकडे बघत म्हणाला, “आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं बघ.” बस. त्या विषयावर आजवर एवढंच.

म्हणून तीन वर्षांपूर्वी टॅमझिन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, खाणीच्या कॅम्पच्या स्वयंपाकघरात नोकरीला आली, तेव्हा दोघांनी ठरवून टाकलं. रविवारी आपापल्या घरी बघायचं, सोमवारी सकाळी फोन. कॅम्पची न्याहारी उरकून साडेसहाला तिला अर्धा तास सुट्टी मिळायची, तेव्हा तिकडे साडेनऊ झालेले असायचे आणि डॅड बसची सकाळची फेरी आटपून घरी आलेला असायचा. आता यात मेख अशी की तिकडचं घड्याळ तीन तास पुढे. म्हणजे कोण गेलं हे डॅडला तीन तास आधी कळायचं. पण तीन वर्षांत त्याने एकदा, एकदासुद्धा फोडलं नाही. चुकून मेसेज जाईल म्हणून रविवारी संध्याकाळी फोन बंद करून फ्रिजवर ठेवून द्यायचा!

आणि मग या वर्षी काय झालं, तर चॅनेलवाल्यांनी सगळे तेरा भाग पहिल्याच दिवशी ॲपवर टाकून दिले. टीव्हीवर आपलं जुन्यासारखं दर रविवारी एक, पण ज्याला घाई असेल त्याने एका बैठकीत संपवावं.

“एकदम तेरा?” डॅड म्हणाला. “म्हणजे तेरा वर्षांचं नाताळचं जेवण एका दुपारी? पोट फुटून मरायचं का?”

“आपण नाही बघायचं तसं.”

“नाहीच बघायचं.”

कॅम्पवर मात्र मजाच गेली. पूर्वी रविवारी जेवणघरात मोठ्या टीव्हीसमोर साठ-सत्तर माणसं असायची, पैजा लागायच्या, डंपर चालवणारे दाढीवाले बाप्ये कोणी तराफ्यावर बसलं की नाक पुसायचे. या वर्षी सगळे आपापल्या खोलीत, कानात इयरफोनची बोंडं घालून. कोणी चौथ्या भागावर, कोणी अकराव्या, कोणाचं संपलेलंसुद्धा. टेबलावर कोणी तोंड उघडलं की समोरचा हात वर करणार, “ए, गप! माझा पाचवा राहिलाय!” सगळे तेच बघतायत आणि कोणालाच बोलता येत नाही!

तरी टॅमझिनने तीन भाग इमानदारीत टीव्हीवर बघितले. डॅडचा जीव जडला होता मार्लीनवर. मार्लीन त्रेसष्ट वर्षांची, शाळेसमोर पाटी धरून पोरांना रस्ता ओलांडून देणारी बाई. सगळ्या बेटावर एकटी तीच साधी. बाकीचे लहानपणापासून राफ्ट बघून पाठ करून आलेले, पहिल्याच दिवशी डावपेच सुरू. “पूर्वी उपाशी माणसं भांडायची,” डॅड म्हणायचा. “आता सगळे वकील आलेत. आणि मार्लीनचा गुडघा ऐकलास? तस्साच आवाज येतोय माझ्याही गुडघ्याचा. डॉक्टर म्हणतोय फोटो काढू.” बघा, गुडघ्याची बातमी ही अशी आली!

आणि मग फेब्रुवारीत ते चक्रीवादळ आलं.

लाल इशारा झाला की कॅम्पवर नियम एकच. आपल्या खोलीत जायचं, दार लावायचं, परवानगी मिळेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. खोली म्हणजे पत्र्याचा डबा, साखळदंडांनी जमिनीला बांधलेला. सगळे आधीच फोनमध्ये काही ना काही भरून घेतात, टॅमझिननेही भरलं. तिने खरंतर दुसरंच काहीतरी बघायचं ठरवलं होतं, शप्पथ. पण बुधवारी दुपारी वीज गेली, वारा पत्र्याला धरून हलवायला लागला, साखळ्या कण्हायला लागल्या, आणि तिने काय लावलं असेल तर राफ्टचा चौथा भाग. ते सुरुवातीचं ढोलाचं संगीत वाजलं आणि एकदम सोफा, डॅडचं पोट, सगळं आलं. भाग संपला की वारा ऐकू यायचा. म्हणून पाचवा. म्हणून सहावा. तीस तासांनी दार उघडलं तेव्हा तेरावा संपलेला होता आणि बाहेर कचऱ्याचे डबे झाडावर लटकलेले होते.

डॅडला तिने मेसेज केला, “थोडा वारा होता. ठीक आहे मी.”

आणि टीव्हीवर चौथा भाग झाला, सोमवारी फोनवर डॅड म्हणाला, “टॅम्स! वेल्डर गेला!” आणि ती म्हणाली, “अगं बाई! हो ना! मला वाटलंच नव्हतं!”

आता सांगा, काय करणार होती ती? खरं सांगितलं तर सोमवारचा फोन गेला. आणि सोमवारचा फोन गेला तर डॅडचा गुडघा, डॅडचं एकट्याने जेवणं, सगळंच गेलं, कारण दुसऱ्या कुठल्या वाटेने तो बोलतच नाही. म्हणून तिने एक सोमवार निभावला. दुसरा निभावला.

तिसऱ्या सोमवारी डॅड भलताच रंगात होता. “काल काय मासा पकडला बयेने! अगं, शेवटच्या तिघांत येतेय ती, लिहून ठेव!”

 पण पुढच्याच भागात, सातव्यात, मार्लीन जाते. आणि फार वाईट जाते. तिला वाटलं, डॅडला जरा सावरून ठेवावं.

“डॅड, एवढा जीव नको लावूस रे तिच्यावर.”

“का बरं?”

“का म्हणजे... तो ब्रॉडी आणि त्याची टोळी. तेलाचा डबा हरवला तो तिच्यावरच ढकलणार ना ते.”



“कुठला तेलाचा डबा?” डॅड म्हणाला.

तेलाचा डबा सातव्या भागात हरवतो.

“टॅम्स. किती बघितलेस?”

“सगळे.”

“कधी?”

“तीन आठवडे झाले.”

“म्हणजे वेल्डर गेला तेव्हा तू...”

“हो.”

“हं,” डॅड म्हणाला. “बरं. शेजारीण हाक मारतेय.” आणि फोन ठेवला. शेजारीण मार्चभर मुलाकडे असते हे त्यानेच सांगितलं होतं.

पुढचा आठवडा टॅमझिनने कसा काढला विचारू नका. दोनदा मीठ विसरली, एकदा पॅनकेकच्या पिठात दोनदा घातलं. रविवारी सातवा भाग झाला. सोमवारी साडेसहा वाजले. फोन नाही. पावणेसात. नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा.

लिटियाने तिला मागच्या दारात उलट्या क्रेटवर बसलेलं बघितलं. लिटिया तिच्याबरोबर काम करते, फिजीची, चाळीस-बेचाळीसची, आणि राफ्टबद्दल तिला काडीचा आदर नाही, कारण ते बेट तिच्याच देशात आहे आणि तिचा मामाच ते तराफे बांधतो.

“अजून त्या बेटाचं सुतक चाललंय?” लिटिया म्हणाली. “ओसाड बेट म्हणे! त्या टेकडीमागे माझ्या मावशीच्या कोंबड्या आहेत.”

“गप ना. डॅडने फोन नाही केला.”

“मग तू कर.”

“काय बोलू? राफ्टचं तर सगळं नासवलं मी.”

“बापाशी बोलायला राफ्ट लागतं?” लिटियाने तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. “जा. उरलेली अंडी मी बघते. आणि रडायचं असेल तर डोळे ॲप्रनला पुसू नकोस, मिरचीचा हात लागलाय त्याला.”

टॅमझिनने फोन लावला. आठ वेळा वाजला.

“हां,” डॅड म्हणाला.

“काल बघितलास?”

“नाही. रेकॉर्ड करून ठेवलाय. गॅरेज आवरत होतो.”

“रविवारी संध्याकाळी?”

“घाण झालं होतं.”

“डॅड, मी तुझी मजा घालवली. सॉरी. मार्लीनचं मी...”

“मार्लीनचं काय घेऊन बसलीस!” डॅडचा आवाज असा कधी येत नाही. “मार्लीन जाईल नाहीतर राहील. तू तीन सोमवार नाटक केलंस टॅम्स, आणि काय झकास केलंस. मला पत्तासुद्धा नाही लागला. मग मी मागे मागे जायला लागलो. म्हटलं, गेल्या वर्षी पण नाटकच होतं का? त्याच्या आधी? पोरीला कधीचाच कंटाळा आलाय आणि म्हाताऱ्याचं मन राखायला बिचारी सुट्टीतला अर्धा तास घालवतेय का?”

“नाही! डॅड, नाही रे! वादळात बघितले मी. फक्त ते दहा. फक्त वादळात.”

“थोडा वारा होता म्हणालीस.”

“थोडा नव्हता.” आणि मग ती घडाघडा बोलायलाच लागली. “खोली हलत होती डॅड. वीज गेली होती. साखळी तुटली तर डबा उडेल असं वाटत होतं. मी बाथरूममध्ये गादी डोक्यावर घेऊन बसले होते. आणि राफ्टचं ते संगीत लागलं की तू शेजारी बसलायस असं वाटायचं. बंद केलं की वारा. मग कसं बंद करू?”



“गादी डोक्यावर घेऊन?” डॅड म्हणाला.

“हो.”

“आणि मला फोन नाही केलास.”

“तू काळजी करशील म्हणून.”

“काळजी करशील म्हणे! अगं, तीस तास मी तो हवामानाचा नकाशा उघडून बसलो होतो. तो गोल गोल फिरणारा लाल गोळा, आणि त्याच्या खाली तुझा कॅम्प. जेवलोसुद्धा नाही. टोस्ट केला आणि टोस्टरमध्येच राहिला.”

“मग तू का नाही केलास?”

डॅडने घसा साफ केला. मग परत केला.

“बुधवार होता गं,” तो म्हणाला. “बुधवारी फोन करून काय बोलायचं असतं, ते मला सुचेना. दोनदा हातात घेतला होता.”

टॅमझिनने डोळे पुसले, आणि हो, ॲप्रनलाच पुसले, आणि जी काही आग झाली म्हणता!

“आई गं!”

“काय झालं? टॅम्स?”

“मिरची! डोळ्यात! रडत नाहीये मी, मिरची आहे!”

“पाणी मार! चोळू नकोस, बावळट! थंड पाणी!” डॅड ओरडला, अगदी बेटावरच्या माणसांवर ओरडतो तस्सा, आणि नळाखाली तोंड धरून टॅमझिन हसायला लागली, तशी तिकडे डॅडही हसायला लागला, नाकातून, फुस्स करून.

“गेली का आग?”

“गेली थोडी. डॅड, तू लाव ना सातवा. मी थांबते फोनवर. एक शब्द नाही बोलत.”

“राहू दे. मार्लीन पळून नाही चालली. तू मला ते वादळाचं सांग.”

“सांगितलं की आत्ता.”

“हे असं सांगतात? मध्येच गादी, मध्येच साखळ्या. पहिल्यापासून सांग. लाल इशारा कधी झाला, तू कुठे होतीस, खोलीत काय काय नेलंस.” खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “आणि शेवट आधी सांगू नकोस.”

“शेवट माहितीये की तुला! बोलतेय ना मी तुझ्याशी, जिवंत!”

“तरीपण,” डॅड म्हणाला. “क्रमाने सांग.”

दारातून लिटियाने बोटं वर केली, अजून दहा मिनिटं. टॅमझिन क्रेटवर नीट मांडी घालून बसली.

“बरं. तर बुधवारी सकाळी,” ती म्हणाली, “आकाश आधी हिरवं झालं.”

“हिरवं?” डॅड म्हणाला. “हिरवं कसं?”