अस्तरावरची हळद

मी एक जुना लोकरी कोट आहे. रंग काळपट निळा, कॉलर अजून ताठ, बाह्या मात्र थोड्या आखूड. त्या आखूड कशा झाल्या ते पुढे सांगेन, त्यात माझा काही दोष नाही. मित्रांनो, माझा जन्म लातूरचा. तुम्ही म्हणाल, लातुरात लोकरीचा कोट कशाला? हाच प्रश्न मी कोट होण्याआधी कितीतरी वर्षे गिऱ्हाइके विचारत होती.

तेव्हा मी नुसता तागा होतो. गंजगोलाईच्या बाजाराजवळ सिद्रामप्पांचे कापडाचे छोटे दुकान आहे. हैदराबादहून माल आणताना स्वस्तात मिळतोय म्हणून त्यांनी मला उचलले आणि सगळ्यांत वरच्या फळीवर टाकले. खालच्या फळ्यांवरची लुगडी, धोतरे, शाळेच्या गणवेशाचे कापड भराभर विकले जायचे. मला कुणी उन्हाळ्यात नुसता हात लावला तरी त्याच्या कपाळावर घाम यायचा. गिऱ्हाइके हसायची. सिद्रामप्पा माझ्यावरची धूळ झटकत म्हणायचे, "पडू द्या. कापडाला बी नशीब असतंय." मला तेव्हा त्यांचा राग यायचा, पण त्यांचेच खरे ठरले.

त्यांचा मुलगा उमाशंकर इंजिनिअर झाला आणि त्याला जर्मनीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली. तिकडे बर्फ पडतो हे ऐकून सिद्रामप्पांनी स्वतः शिडी लावून मला खाली काढले आणि गुरुबसप्पा शिंप्याकडे नेले. गुरुबसप्पांनी जन्मभर नवरदेवांचे कोट शिवलेले. मला उलटेपालटे करून ते म्हणाले, "बर्फातला कोट कधी शिवला न्हाई, अप्पा. पण माणूस तर तेवढाच असतोय न्हवं? शिवतो." मग त्यांनी मला नवरदेवाच्या कोटासारखेच शिवले. आत अस्तर लावले तेही एका लग्नातून उरलेले, सायीच्या रंगाचे, मऊ. खरे सांगतो, आरशात स्वतःला पाहून मी फुगलो होतो.

निघण्याच्या दिवशी घरात नुसता गोंधळ होता. शेंगदाण्याची चटणी बांधली जात होती, अंजू उमाशंकरच्या बॅगेवर बसून चेन लावत होती. अंजू म्हणजे उमाशंकरची धाकटी बहीण, ती त्याला अण्णा म्हणते. आणि स्वयंपाकघरातून नीलाबाई, म्हणजे त्यांची आई, त्यांची अव्वा, लगबगीने बाहेर आली. नवे कापड हळदीकुंकवाचे बोट लावल्याशिवाय अंगावर चढवायचे नाही, ही आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. तिने मला उघडले, आतल्या खिशाजवळ अस्तरावर हळदीचे बोट टेकवले. पण हात ओला होता. हळद पसरली.

उमाशंकरने ते पाहिले आणि तो भडकला. "अव्वा, काय करून ठेवलीस हे! नव्या कोटावर डाग पाडलीस. तिथं चार लोकांत घालायचाय मला."

"आरं, नवं कापड हाय. तसंच घालू न्हाई बाबा," ती घाबरून म्हणाली आणि पदर ओला करून पुसायला लागली. पुसल्याने काय होणार? बोटाएवढा डाग होता, तो तळहाताएवढा झाला.

"राहू दे आता! आणखी वाटोळं करू नकोस," असे म्हणून त्याने मला तिच्या हातातून ओढले आणि घडी करून बॅगेत कोंबले. वेळ झाली होती, हैदराबादची गाडी बाहेर उभी होती. तो पाया पडला, पण घाईत आणि फुगलेल्या तोंडानेच. बॅगेच्या चेनमध्ये थोडी फट राहिली होती, तिच्यातून मला नीलाबाई दिसली. ती हाताची हळद पदराला पुसत दारात उभी होती.

जर्मनीत मी कामाला लागलो. बर्फ, वारा, ट्रामची वाट पाहणे, सगळे मी अंगावर घेतले. कारखान्यातले लोक म्हणत, कोट छान आहे, कुणी शिवला? तेव्हा उमाशंकर ऐटीत सांगायचा, "आमच्याकडे खास शिवून घेतला." पण आत गेल्यावर मला काढताना तो आधी इकडेतिकडे बघायचा आणि अस्तर कुणाला दिसणार नाही अशा बेताने खुंटीला अडकवायचा. मला त्याचे वाईट वाटायचे. माझी बाहेरची बाजू त्याला हवी होती, आतली नको होती.

मग सुरू झाला लाँड्रीचा शोध. मित्रांनो, परदेशात भात मिळतो, मिरची मिळते, पण आपला कपडा विश्वासाने कुणाच्या हातात द्यावा असे दुकान मिळणे महाकठीण. लातुरात कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला घरातल्या प्रत्येकाचा शर्ट ओळखू यायचा. इथे सगळे अनोळखी. पहिल्यांदा उमाशंकरने मला नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रात घातले. लोकर गरम पाण्यात घालू नये हे त्याला कुणी सांगितले नव्हते. यंत्राने मला असे घुसळले की माझ्या बाह्या तिथेच आखडल्या. डाग गेला नाहीच, उलट साबण लागून लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही जाणते. पण शेजारी कपडे वाळवत बसलेली म्हातारी रक्त समजून दचकली आणि आपली टोपली उचलून लांब जाऊन बसली. उमाशंकर शरमेने लाल झाला. मीही झालोच होतो.

त्यानंतरच्या दुकानात काच चकचकीत, माणसे गोड बोलणारी. त्यांनी माझी दोन बटणे हरवली आणि वर उमाशंकरला दुसऱ्याच कुणाचा तरी कोट दिला. तो कोट मोठा भारी होता म्हणे, पण उमाशंकर दुसऱ्याच दिवशी मला सोडवायला आला, तेव्हा मला बरे वाटले. आणखी एका ठिकाणी माझ्या कॉलरला छापील कागद टोचून परत पाठवले. त्यावर लिहिले होते की डाग निघाला नाही आणि त्याला दुकान जबाबदार नाही. जबाबदार कोण, हे उमाशंकरने मनात आधीच ठरवून टाकले होते.

लातूरहून फोन यायचा तेव्हा मी जवळच खुंटीला असायचो, त्यामुळे सगळे ऐकू यायचे. नीलाबाई जेवलास का, थंडी लई हाय का, असे विचारून झाले की हळूच म्हणायची, "आन् त्या कोटाचा डाग निघाला का रं?"

"नाही निघाला," तो म्हणायचा. "सोड ना आता ते."

"उन्हात टाकून बघ की. हळद उन्हाला टिकत न्हाई. उलटा करून टाक."

"इथं ऊन आहे कुठं, अव्वा?"

असे कितीतरी फोन झाले. डागाचा विषय तिने एकदाही सोडला नाही.

आणि मग आम्हाला सेव्हिमबाई भेटल्या. बाई हे मी लावले, तिकडे तसे म्हणत नाहीत. त्या मूळच्या तुर्कस्तानच्या, ट्रामच्या थांब्याजवळ त्यांची लहानशी लाँड्री. त्यांनी मला टेबलावर पसरले, खिसे तपासले, अस्तर उलटे केले आणि डागावर नुसता अंगठा ठेवला. आजवर कुठल्याच दुकानाने जे विचारले नव्हते ते त्यांनी विचारले.

"हे कशाचं आहे?"

"हळद," उमाशंकर म्हणाला.

"जेवताना सांडली?"

"नाही. आईने लावली. नव्या कपड्याला लावतात आमच्याकडे."

सेव्हिमबाईंनी अंगठा उचलला. "मग काढायची की ठेवायची?"

मी उमाशंकरकडे बघत होतो. दोन हिवाळे तो हा डाग काढायला दुकाने पालथी घालत होता आणि या बाईला साधे 'काढा' एवढे म्हणायला त्याला जमेना. शेवटी सेव्हिमबाईच म्हणाल्या, "मी आधी विचारते आणि मग पाण्यात घालते. तुम्ही उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, "ठेवा." त्यांनी मला अगदी जपून साफ केले, डागाभोवतीचे अस्तर हलक्या हाताने पुसले, बटणेही शिवून दिली. त्या दिवसापासून उमाशंकरला भरवशाची लाँड्री मिळाली आणि मला आतल्या बाजूची लाज वाटेनाशी झाली. कारखान्यात तो मला कसाही टांगू लागला. कुणी विचारले तर सांगायचा, "माझ्या आईची खूण आहे ती." ट्राममध्ये उभा असला की आतल्या खिशात हात घालायचा आणि बोटे तिथेच ठेवायचा. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस.

साऱ्या जगाला त्याने सांगितले, मित्रांनो. जिला सांगायला हवे होते तिला मात्र सांगितले नाही. पुढच्या फोनवर नीलाबाईने नेहमीसारखे विचारले, "निघाला का रं डाग? माझंच चुकलं बाबा, ओला हात लावला मी." मला वाटले, आता सांगेल. त्याने तोंड उघडलेही, पण मग नुसते म्हणाला, "ते आल्यावर बोलू." त्याच्या मनात होते की दिवाळीला मला घालूनच घरी जायचे आणि तिच्या समोर उभे राहून अस्तर उघडून दाखवायचे. चांगली कल्पना होती. पण दिवाळीला रजा मिळाली नाही.

पुढे शिमग्याच्या आसपास एके दिवशी फोन आला तो सिद्रामप्पांचा. त्यांना बोलताच येत नव्हते. नीलाबाई सकाळी चहा ठेवायला उठली आणि चुलीजवळच बसली, ती पुन्हा उठली नाही. उमाशंकरने मला अंगात घातले आणि विमान गाठले. तिकडे बर्फ होता. आम्ही लातुरात उतरलो तेव्हा उन्हाने डांबर मऊ झाले होते आणि तो भर उन्हात मला अंगातून काढायला विसरला होता. एवढे करून तो मातीला पोहोचला नाहीच. चाकूरजवळच्या त्यांच्या शेतात नीलाबाईला माती देऊन झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सिद्रामप्पांबरोबर चाकूरला गेला, तिला जिथे ठेवले ती जागा बघायला. मी खुंटीला होतो. अंजू आली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने मला खाली काढले, उलटे केले, अस्तरावरचा डाग बघितला आणि मला खांद्यावर टाकून गच्चीवर नेले. मला कळले ती काय करणार आहे. मित्रांनो, आम्हा कपड्यांना तोंड नसते. असते तर मी त्या दिवशी गल्ली गोळा केली असती. तिने मला अस्तर वर करून दोरीवर पसरले, चिमटे लावले आणि ती खाली निघून गेली.

लातूरचे ऊन तुम्हाला मी काय सांगावे? जर्मनीतल्या साऱ्या यंत्रांना जे जमले नाही ते त्याने दुपारपर्यंत करून टाकले. हळद आधी फिकी झाली, मग नुसती कड राहिली, मग कडही गेली.

संध्याकाळी उमाशंकर परतला. अंजूने मला घडी करून त्याच्या हातात दिले. तिच्या रडक्या तोंडावर थोडे समाधान होते.

"बघ अण्णा, गेला की डाग. अव्वा लई दिवसांपासून म्हणत होती. अण्णाचा कोट आला की उलटा करून गच्चीवर टाक म्हणे. माझ्या हातून नव्या कोटाचं वाटोळं झालं, त्यो अजून रुसलाय म्हणे. लई घोर लागला होता तिला त्याचा."

उमाशंकरने अस्तर उघडले. आतल्या खिशाजवळ बोटे फिरवली. सायीच्या रंगाचे कोरे अस्तर, गुरुबसप्पांनी लावले होते तसे. त्याचे ओठ हलले, पण समोर अंजू होती आणि तिने आईचा शेवटचा शब्द पाळला होता.

"बरं केलीस," तो म्हणाला. मग मला तोंडाशी घेऊन तो कितीतरी वेळ तसाच बसला. मी पूर्ण भिजलो. अंजूला वाटले, अव्वाची आठवण आली.

आम्ही परत जर्मनीला आलो. थंडी संपल्यावर त्याने मला सेव्हिमबाईंकडे नेले. त्यांनी सवयीने अस्तर उलटे केले आणि त्यांचा हात थांबला.

"डाग कुठे गेला?" त्या जराशा दुखावल्या होत्या. "दुसऱ्या लाँड्रीत टाकलात का?"

"नाही," उमाशंकर म्हणाला. "आईने काढला."

सेव्हिमबाईंचा चेहरा खुलला. "असं होय! मग काय, निघणारच. त्यांना माझा नमस्कार सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.

आता मी फारसा बाहेर जात नाही. त्याने हलके जाकीट घेतले आहे आणि मी कपाटात असतो. माझी तक्रार नाही, कोट जुना होतोच. मित्रांनो, आम्हा कपड्यांना जपा, लोकर गरम पाण्यात घालू नका आणि कुणाचाही कपडा धुण्याआधी त्याला विचारा. पण त्याहून महत्त्वाचे एक मागणे आहे. ज्या माणसाने तुमच्या नव्या कपड्याला हळद लावली आणि तुम्ही त्याच्यावर ओरडलात, त्याला भेटीची वाट बघत ठेवू नका. तो अजून तुमचा फोन उचलत असेल, तर आजच त्याला सांगा की डाग तुम्हाला आवडतो.