राघूच्या तोंडी धन्याचं नाव

राघूला सगळं येत होतं, एक चंद्रभानचं नाव तेवढं येत नव्हतं.

मिक्सरची घरघर यायची. सुनेच्या मोबाईलची रिंग यायची. ती वाजली की सून, दामिनी, कणकेच्या हातांनी धावत यायची आणि राघू मान तिरपी करून तिची फजिती पाहायचा. चंद्रभानचा जन्म परतवाडा-तेल्हारा यष्टीत कंडक्टरकी करण्यात गेला. रिटायर झाला तरी तिकिटाला भोक पाडायचा चिमटा खिशातच होता, आणि मन कुठं हरवलं की हात तो वाजवत बसायचा. ती कटकटही राघूनं उचलली होती. कुणाचं मन हरवलं नसतानाही घरात तिकिटं फाटत राहायची.

एका वादळात तो कडुलिंबावरून पडला तेव्हा मुठीएवढं पिल्लू होता. पंख बरा झाला तसा उडून गेला, आणि दिवस कलायच्या आत अंगणातल्या पेरूवर येऊन बसला. तेव्हापासून पिंजऱ्याला दार होतं, कडी नव्हती. माहेरी आलेल्या लेकीसारखा तो मनात आलं की आत, मनात आलं की बाहेर.

सकाळी चहा झाला की चंद्रभान भिजवलेली हरभऱ्याची डाळ घेऊन त्याच्यापुढे बसायचा. बोल, चंद्रभान. बोल बेटा, चंद्रभान. आवाज तोच, भरल्या गाडीत मागच्यांना पुढे सरका म्हणणारा. राघू डाळ संपवायचा, चोच पुसायचा आणि चिमटा वाजवायचा. कट, कट.

आता म्हाताऱ्या माणसाला पोपटाच्या तोंडून आपलं नाव कशाला ऐकायचं असतं? दिसायला कारण एक होतं. अकोल्याचे खुशालराव, म्हणजे त्याच्या मुलीचे सासरे, त्याचे इवाई. त्यांच्या घरीही पोपट होता आणि तो म्हणे माणूस दिसला की ‘या खुशालराव, बसा’ म्हणायचा. फोनवर दर वेळी पोरीची खुशाली मागाहून, पोपटाची आधी. अशात आंब्याच्या रसाच्या जेवणाचं आवतण गेलं, आणि खुशालरावांनी कळवलं की रस तर खाऊच, पण इवायाचा राघूही ऐकू. बोलला नाही तर त्याला शिकायला अकोल्याला घेऊन जाऊ.

दामिनीनं वर्म नेमकं ओळखलं. राघू सासूबाईंचा होता. मिरची द्यायची गोदाबाई, पाणी ठेवायची गोदाबाई, तिच्या खांद्यावर बसून तिच्या बुगडीला चोच मारायची हिंमतही त्याचीच. तो शिकला तर तिच्याच तोंडून शिकेल, असं दामिनी म्हणाली.

चंद्रभाननं बायकोला विचारलं. गोदाबाईच्या हातातली वाटी हातातच राहिली.

“तुमचं नाव? उखाण्याबिगर? जीभ झडन माही.”

“मले नको म्हणू. त्याले म्हण.”

“तो काय परका हाये? त्याच्याहीसमोर लाज वाटते.”

चंद्रभाननं चिमटा दोनदा वाजवला. मग राघूकडे पाहतच म्हणाला, “आई गेल्यापासून मले माह्या नावानं कोनी बलावलं नाई. गाडीत कंडक्टर, घरात बाबा, तू म्हणतेस ऐकलं का. आता ते नाव फक्त आधार कार्डावर हाये.”

तो पानठेल्यावर निघून गेला. गोदाबाई पेरूकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली, चंद्रभान बाहेर पडला की ती ओलं फडकं घेऊन दाराशी यायची. पिंजरा दारालाच टांगलेला. आणि दाराच्या चौकटीवर तिच्या संसाराची जुनी डोकेदुखी: तंबाखू मळून झाली की चंद्रभान चुन्याचं बोट तिथंच पुसायचा. निळ्या चौकटीवर पांढरी बोटं, जशी काही कुणी चौकट हळद-कुंकवाऐवजी चुन्यानं पूजलेली. ती फडक्यानं बोटं पुसायची आणि खालच्या आवाजात गुणगुणायची,

राघू माझा बाई, पेरूच्या फांदीवरी,
धन्याचं गं नाव, कसं आणू ओठावरी.

ओवीनं धीर दिला तशी एका दुपारी तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि उखाणा घेतला. हिरव्या मिरचीले हिरवंच देठ, चंद्रभानरावांचं नाव घेते, राघू ऐकतो थेट. राघूनं मिरची मोडली आणि बी तिच्या पदरावर टाकलं.

पण जिभेचं कुलूप एकदा निघालं की दार किती उघडेल हे कुलपालाही ठाऊक नसतं. काही दिवसांनी उखाण्याची पहिली ओळ गळाली. मग ‘नाव घेते’ गळालं. चंद्रभानराव उरले. वैशाखाच्या उन्हात एवढं लांब नाव कोण ओढणार, म्हणून रावही गळाले. पुढे तिथं काय बोलणं चालायचं ते दामिनीला आतून ऐकू यायचं. ती उशीत तोंड खुपसून हसायची आणि विचारलं तर काही सांगायची नाही.

खुशालराव आले. रसाच्या वाट्यांवर वाट्या झाल्या, कुरडया झाल्या, आणि इवाई तृप्त पोटानं पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले. राघूचा आवाज दबू नये म्हणून चंद्रभाननं कूलर बंद केला. घामाच्या धारा लागल्या. बोल बेटा, चंद्रभान म्हणाला. राघूनं मिक्सर लावला. चंद्रभाननं डाळ दिली. राघूनं मोबाईल वाजवला. दामिनी या वेळी धावली नाही, हे पाहून तो खट्टू झाला आणि गप्प बसला.

खुशालरावांनी उपरण्यानं मान पुसली. “इवाई, नाव राहू द्या बापा. कूलर तरी बोलू द्या.”

चंद्रभानचा चेहरा उतरला. हसायचं म्हणून हसला. तंबाखूची डबी काढली, चिमूटभर मळली, तोंडात टाकली, आणि चुन्याचं बोट नेहमीच्या वाटेनं चौकटीकडे गेलं.

राघूनं मान वर केली. आणि गोदाबाईचाच आवाज, तोच हेल, तोच त्रागा त्या एवढ्याशा गळ्यातून निघाला.

“चंद्रभान, चुन्याचं बोट चौकटीले नको पुसू. किती डाव सांगू रे तुले?”

बोट हवेतच राहिलं. खुशालरावांची मान हळूहळू स्वयंपाकघराकडे वळली. तिथं गोदाबाई पदरात तोंड लपवून अशी उभी होती, जशी बोहल्यावरही उभी राहिली नसेल. नाव घेतलं ते घेतलं, वर अरे-तुरे. दामिनीच्या हातातलं पाण्याच्या पेल्यांचं ताट आधी थरथरलं, मग ती खाली बसूनच हसली.

खुशालराव जरा पडेल आवाजात म्हणाले की त्यांचा पोपट त्यांना नुसतं बसा म्हणतो. असं घरच्यासारखं रागावत नाही.

चंद्रभान लहान पोरासारखा उभा होता. त्यानं बोट धोतराला पुसलं. “हो,” राघूला म्हणाला, “आता नाई पुसत.” आणि जाऊन कूलर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. गोदाबाई कालपासून त्याच्याशी डोळा भिडवत नव्हती. चहाही दामिनीच्या हाती पाठवला होता. चंद्रभाननं तंबाखू खाल्लीच नाही. डबी उघडली, नुसताच चुना बोटावर घेतला, स्वयंपाकघरातून दिसेल असा दाराशी उभा राहिला, आणि बोट सावकाश, अगदी सावकाश चौकटीवर टेकवलं.

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग हळूच आलं,

“चंद्रभान.”

त्यानं पिंजऱ्याकडे पाहिलं. दार उघडं होतं, झोका रिकामा. राघू केव्हाचा पेरूवर बसून कच्चं फळ कुरतडत होता.

“हा राघू बी ना,” चंद्रभान आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “आयकतच नाई कोनाचं.”

आणि ओलं फडकं शोधायला गेला.