मोठं एक्स्चेंज आणि ताईची टाळी

आमच्या साहेबांना मोठ्या गोष्टींचा भारी सोस. पूर्वेकडच्या परदेशातल्या एका मोठ्या शहरात, मोठ्या खुर्चीत बसून ते आमची इथली छोटीशी इंटरनेट कंपनी चालवतात, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतात. आशियातल्या कंपन्यांशी थेट जोडणीसाठी एकच एक्स्चेंज निवडायचं होतं. त्यांनी डोळे मिटून सगळ्यात मोठ्यावर बोट ठेवलं.

एक्स्चेंज म्हणजे इंटरनेट कंपन्या आपापल्या तारा आणून एकमेकींना जोडतात ती जागा. "सगळे तिथेच आहेत," साहेब व्हिडिओवर म्हणाले.

"आहेत, पण आपल्याशी जोडायला तयार नाहीत," मी म्हटलं. "मांडवात दिसला म्हणून कोणी व्याही होत नाही, साहेब. तुमच्या शहरात घरोघरी इंटरनेट देणारी ती बडी कंपनी छोट्या एक्स्चेंजवर मात्र कुणाशीही जोडते."

"छोट्या ठिकाणी आपली शोभा काय राहणार?"

मी चडफडत व्हिडिओ बंद केला. माझा जीव ताईच्या क्लासात अडकला होता. माझी ताई आमच्याच कंपनीच्या इंटरनेटवरून गाणं शिकवते, त्यावरच तिचं घर चालतं, आणि तिचे बहुतेक शिष्य साहेबांच्याच शहरातले, त्याच बड्या कंपनीचे गिऱ्हाईक. थेट जोडणी नसल्यानं ताईची टाळी द्राविडी प्राणायाम करत, भलत्याच खंडाला वळसा घालून पोचायची. शिष्याचा सूरही तसाच परत यायचा. तो बिचारा टाळीवरच गायचा, ताईला मात्र मागे ऐकू यायचा. ती रागवायची, तो रुसायचा आणि क्लास सोडायचा. असंच चाललं असतं तर क्लासला कुलूप लागलं असतं.

साहेबही ताईचेच शिष्य, आणि घरी इंटरनेट त्याच बड्या कंपनीचं. त्यांच्या धड्याला मी मुद्दाम ताईशेजारी जाऊन बसले.

"मागे पडताय," ताई म्हणाली.

"मी बरोबर टाळीवर आहे. तुमच्या बहिणीचं इंटरनेट बघा," साहेब गुरगुरले. "एक्स्चेंज तर माझ्या खिडकीतून दिसतंय."

"दिसतंय साहेब. जोडलेलं नाहीये."

छोट्या एक्स्चेंजनं आम्हाला चाचणीपुरती जोडणी दिली होती. मी सगळी ये-जा तिकडून वळवली. ताईनं टाळी दिली, साहेब गायले. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"आता इंटरनेट चोख आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही अजूनही मागेच."

मी ताईला कोपरानं ढोसलं. एक्स्चेंजच्या करारावर साहेबांची सही अजून व्हायची होती. साहेबांनी स्वतःच टाळी देऊन पाहिली, पुन्हा गायले, पुन्हा घसरले. पण माणूस मिजासखोर असला तरी खोटारडा नाही. दुसऱ्या दिवशी छोट्या एक्स्चेंजवर सही झाली.

रुसलेले शिष्य हळूहळू परतले. ताई परवा आनंदानं रडली, तिच्याबरोबर मीही. साहेबांचा धडाही सुरू आहे. फक्त धड्याच्या आधी न चुकता त्यांचा फोन येतो, आणि ते आवाज खाली आणून विचारतात, "तेवढ्या वेळापुरती ती जुनी वाट परत लावता येईल का?"