अस्रचा उजेड

आता उलव्याच्या माझ्या घरात रिमोटवर उजेडाचा रंग बदलतो. तो बदलताना मला हटकून आमची माशांची जुनी टँक आठवते आणि हसू येतं. मग रडूही येतं, पण ते मी कुणाला सांगत नाही.

शहाण्णव साली अब्बांनी कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये समुद्र आणायचं ठरवलं, आणि कधी नव्हे ती अम्मी त्यांच्या बाजूने उभी राहिली. अब्बा जहाजावर नोकरीला होते. त्या वर्षी आले ते 'आता बास' म्हणूनच, पण महिनाभरात कंटाळले. गॅलरीत जाऊन सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहायचे. एजंट सारखा फोन करायचा, जहाज तयार आहे, येता का? अब्बा 'बघतो' म्हणायचे आणि अम्मीचं तोंड एवढंसं व्हायचं. मासे सांभाळायला तरी माणूस घरात राहील, असा तिचा डाव होता.

जागा होती फ्रिज आणि शोकेसच्या मधल्या कोपऱ्यात. म्हणून काच कापून घेतली ती कलिंगडाच्या फोडीसारखी, मागे दोन सरळ बाजू आणि पुढे गोलाई. खारं पाणी अम्मीच्या माहेरून, दिघीहून कॅनमधून आलं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे तीन मासे क्रॉफर्ड मार्केटमधून आले. घोडं अडलं ते उजेडापाशी.

दोन फुटी ट्यूब आडवी ठेवली तर मागचा कोपरा काळाकुट्ट राहिला, आणि मासे नेमके तिथेच जाऊन बसले. शेजारचे अरविंदकाका रबाळ्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होते. सल्ला द्यायला त्यांना निमंत्रण लागत नसे.

"हारुनभाई, तीन ट्यूब मारा, तिन्ही बाजूंना. टेन्शनच नाय."

मारल्या. टँकचं ऑपरेशन थिएटर झालं आणि मासे दगडाखाली शिरले. मग अब्बांनी ट्यूबा काढून मधोमध पिवळा बल्ब टांगला. अम्मी वाकून बघत म्हणाली, "हळद तर लागली. आता तव्यावर टाकू?"

मी खो खो हसले. अब्बा हसले नाहीत.

"नाय जमत," ते म्हणाले. "एजंटला हो सांगून टाकतो."

अम्मी उसळली. "सगळा जन्म दर्यावर गेला तुमचा. पान्यावर उजेड कसा पडतो, एवढं सांगता येत नाय?"

"मला काय म्हाईत?" अब्बांचा आवाज खाली गेला. "मी खाली, इंजिनरूममदी. तिथं दिवसरात्र बल्बच. वर यायचो ते झोपायला."

ज्या माणसाच्या नावावर मी शाळेत समुद्राच्या एवढ्या फुशारक्या मारल्या, त्याने समुद्र धड पाहिलाच नव्हता. मला त्यांची फार दया आली. थोडा रागही आला, का ते कळलं नाही.

अम्मीने ओढणी खोचली. "काढा तो दिवा वरनं. वरनं नसतो तो. डाव्या हातानं येतो, तिरका."

अब्बा बल्ब हातात धरून टँकच्या डाव्या बाजूला, फ्रिजला टेकून बसले. अम्मी हुकूम सोडत होती. "खाली घ्या. अजून खाली. हां, तिथंच."

उजेड गोल काचेतून आत शिरला आणि थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत लांबला. तळाच्या वाळूवर पाण्याच्या रेषा हलू लागल्या. दगडाखालून एक मासा बाहेर आला, मग बाकीचे दोघे.

"असं दिसतं पानी?" अब्बांनी विचारलं.

"अस्रची नमाज झाली की. उन्हं कलतात ना, तवा. आगरदांड्याची लाँच दिघीला लागायची. मी जेटीवर उभी असायची."

"मी येनार असलो की?"

"येनार असलात की. आनि नसलात, तरीपन."

बल्ब तापला असणार, पण अब्बांनी हात हलवला नाही. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

बल्ब तिथेच, त्याच उंचीवर कायमचा बसवला. अस्र झाली की अब्बा तो लावायचे आणि दोघं टँकसमोर चहा प्यायचे. अशाच एका संध्याकाळी एजंटचा फोन आला. मी रिसीव्हरवर हात ठेवून अब्बांकडे पाहिलं.

त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. "सांग त्याला," ते म्हणाले, "दर्यावर गेलाय."