क्लचवरची दोन बोटं

तोफसाहेबांना राग यायला एरवी कारण लागायचं नाही. त्या रविवारी मात्र कारण होतं, आणि चांगलं मोटारसायकलएवढं होतं.

तोफसाहेब हे नाव छापखान्यातलं. मोठं मशीन धडधडत असताना पलीकडच्या टोकाच्या माणसाला शिव्या ऐकू जाव्यात असा आवाज दुसऱ्या कोणाकडे नव्हता, म्हणून कामगारांनी ठेवलेलं. फोरमन म्हणून निवृत्त झाले, मशीन सुटलं, आवाज राहिला. मग त्यांनी घरामागच्या शेडमधली ताडपत्री ओढली आणि खालची जपानी टू-स्ट्रोक उजेडात आणली. ऐन तारुण्यात हौसेने घेतलेली गाडी. मुलगा झाला त्या दिवशी बायकोने ती न चालवण्याचा शब्द घेतला होता, तेव्हापासून ती तिथेच पडून होती. पुढे मुलगा कॉलेजात जाऊन बाइक मागायला लागला, तेव्हा “या घरात दुसरी बाइक येणार नाही आणि हिला तू हात लावायचा नाहीस,” असं सांगून साहेबांनी विषय मिटवला होता.

वर्षभर त्यांनी गाडीचा एकेक नटबोल्ट सोडवला. कार्ब्युरेटर साफ केला, केबली बदलल्या, टाकीतला गंज काढला. “नोकरीतून सुटलात, आता शब्दातूनही सुटलात,” असं बायको म्हणाली खरी, पण ती गाडीला सवत म्हणायची. “सवतीची आंघोळ झाली असेल तर जेवायला या,” अशी शेडपर्यंत हाक यायची. तिने अडवलं नाही. अडवलं मुलाने.

मुलगा आता विमा कंपनीत होता, एका लहान पोरीचा बाप झाला होता. लोक कोणत्या वयात कशाने मरतात याचा विचार करायचा त्याला पगार मिळायचा आणि तो विचार तो रोज घरी घेऊन यायचा. “बाबा, या वयात रिफ्लेक्स राहत नाहीत,” हे त्याचं पालुपद. शेवटी त्याने अट घातली. एक जरी भानगड झाली तरी गाडी चष्मेवाल्याला द्यायची. चौकातल्या त्या चष्मेवाल्याला ती दुकानाच्या काचेत उभी करायची होती, वर गॉगल घातलेला पुतळा बसवून. माझ्या गाडीवर पुतळा, या नुसत्या कल्पनेने साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्या तिरमिरीत ते बायकोसमोर बोलून गेले, “मान्य. एक भानगड झाली तर खुशाल ने म्हणावं.” दिलेला शब्द फिरवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी ते गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्याला लागले. गाडी झकास पळत होती. हँडलची थरथर कोपरापर्यंत येत होती, गुडघे टाकीला भिडले होते, आणि जपून, सावकाश, बसा जरा, असं म्हणणारं आसपास कुणी नव्हतं. मग इंजिनाचा आवाज कोरडा झाला. काय होतंय ते समजायच्या आत इंजिन जाम झालं आणि मागचं चाक अडकून फरफटायला लागलं.

पण तोवर डाव्या हाताच्या दोन बोटांनी क्लच ओढला होता. चाक सुटलं, गाडी सरळ झाली आणि घरंगळत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. ही त्यांच्या जमान्यातली सवय. टू-स्ट्रोकचं इंजिन न सांगता जाम होतं, म्हणून चालवणाऱ्याने दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची. इतक्या वर्षांनी साहेबांना बऱ्याच गोष्टी आठवत नव्हत्या, बोटांना आठवत होत्या.

पहिला विचार रागाचाच आला. म्हणे रिफ्लेक्स राहत नाहीत. दुसरा विचार मात्र वाईट होता. इंजिन असं जाम होतं ते ऑइल नसलं की. या गाडीचा बिघडलेला ऑइलपंप त्यांनी केव्हाच काढून टाकला होता. पेट्रोलमध्ये मापाने टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळून, ढवळून, मगच ते टाकीत ओतायचे. या खेपेला मिसळलं होतं ना? ओतल्याचं आठवत होतं, पण ते या खेपेचं की मागच्या? जितकं आठवायला जावं तितकं ते हातातून निसटत होतं. घरापर्यंत गाडी ढकलत नेताना त्यांनी स्वतःला ज्या शिव्या दिल्या, तशा छापखान्यात कुणालाही दिल्या नव्हत्या.

“पडलात?” मुलाने दारातूनच विचारलं. हातातला चहा तसाच.

“नाही. इंजिन जाम झालं. ऑइल घालायला विसरलो असेन.”

विसरलो हा शब्द साहेबांच्या तोंडून त्या घरात कुणी ऐकला नव्हता. बायको हातातलं काम टाकून बाहेर आली.

मुलगा ओरडला असता तर परवडलं असतं. तो मऊ आवाजात म्हणाला, “असू दे बाबा. वयाचं असतं ते. तुमची चूक नाही.” आजाऱ्याशी बोलावं तसा. मग त्याने चष्मेवाल्याला फोन लावला. दुपारी टेम्पो पाठवतो, असं तिकडून उत्तर आलं.

टाकी रिकामी करून द्यावी म्हणून साहेब शेडमध्ये गेले, झाकण उघडलं आणि आत बघत राहिले. टाकी जवळपास भरलेली होती. परवा गाडी ठेवली तेव्हा ती अर्धीसुद्धा नव्हती. सकाळच्या घाईत त्यांनी झाकण उघडलंच नव्हतं. आता त्यांनी पेट्रोलमध्ये बोट बुडवून चोळून पाहिलं. ऑइलचा बुळबुळीतपणा नाही, निळसर झाक नाही. बोट लगेच कोरडं झालं.

“इकडे या दोघंही.” ही हाक बहुधा शेजारच्या चार घरांनाही लागू झाली.

“परवा टाकी अर्धी नव्हती. आज भरलेली आहे. पेट्रोल काय रात्री पिल्लं घालतं?”

मुलगा स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. ते पाहून त्याच्या आईला सगळं कळलं.

“काल तुम्ही दोघं डॉक्टरकडे गेला होतात,” तो म्हणाला. “एक चक्कर मारली. बायपासवरून लांब. टाकी संपत आली, मग तुम्हाला कळू नये म्हणून पंपावर भरलं. थोडं जास्तच झालं.”

“नुसतं पेट्रोल?”

“नुसतं म्हणजे? पेट्रोलमध्ये आणखी काय घालतात?”

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला म्हातारा ठरवलास. माझ्या गाडीवर पुतळा बसवायला निघालास. मी भ्रमिष्ट झालो असं समजून मी एवढ्या उन्हात गाडी ढकलत आणतो, आणि तू मला मोठ्या मनाने माफ करतोस? चालवायची होती तर मागायची होतीस.”

“मागितली होती,” आता मुलगाही तापला. “कॉलेजभर मागत होतो. नुसतं नाव काढलं तरी अंगावर यायचात.”

साहेब आणखीच चिडले.

“चष्मेवाल्याला फोन लाव,” बायको मुलाला म्हणाली. “टेम्पो पाठवू नको म्हणावं. सवत असली तरी माझ्या घरातली आहे. दुकानाच्या काचेत उभी राहणार नाही.”

“आई, पण अट ठरली होती.”

“अट यांच्या भानगडीची होती. ही भानगड तुझी.”

गाडी राहिली. साहेबांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण ते मुलाकडेच बघत होते.

“थांब. पंपावरून घरी कसा आलास?”

“आलो त्याच रस्त्याने. बायपासने.”

“जोरात?”

मुलगा पुन्हा चपलांकडे बघायला लागला, म्हणजे जोरात.

“डावा हात कुठे होता?”

“हँडलवर. आणखी कुठे असणार?”

“बोटं. बोटं कुठे होती?”

मुलाने हवेत मूठ आवळून दाखवली. सगळी बोटं मुठीत, घट्ट.

साहेब त्या मुठीकडे बघत राहिले. जे आज झालं ते कालच झालं असतं. बायपासवर, ट्रकांच्या मधोमध. घरात त्याची लहान पोरगी झोपलेली असताना. त्याला दोन बोटांचं कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकेल असा माणूस घरात एकच होता, आणि त्याने हात लावायचा नाही एवढंच सांगून ठेवलं होतं.

“बस गाडीवर.”

“बाबा, ती बंद आहे.”

“बस म्हणतो ना.” आवाज मध्येच फाटला. तो तसा फाटलेला कुणी ऐकला नव्हता.

विमा कंपनीतला तो मोठा माणूस निमूट गाडीवर बसला. साहेबांनी त्याचा डावा हात धरला, आवळलेली मूठ उकलली आणि दोन बोटं क्लचवर दाबली. इतक्या जोरात की तो कळवळला.

“ही इथे. कायम. झोप आली, फोन आला, आकाश कोसळलं तरी उचलायची नाहीत.”

“बाबा, दुखतंय.”

“दुखू दे.”

“पुरे आता,” बायको म्हणाली. “त्याची बोटं पांढरी पडली.”

साहेबांनी हात काढला नाही.